जुनं घर घेताय? उताऱ्याबरोबर लाकूडही तपासा : वाळवी आणि कीड कशी ओळखावी

जुनं घर बघायला गेलं की सगळ्यात आधी काय बघितलं जातं? दार कुठल्या दिशेला, पाण्याची सोय काय, रस्त्यापर्यंत गाडी जाते का. मग सिटी सर्व्हेचा उतारा, बोजा, वारसांच्या सह्या. चहा होतो, देवघरासमोर हात जोडले जातात आणि व्यवहाराची बोलणी सुरू होतात. घर उभं आहे ते ज्या लाकडावर, त्याला मात्र कुणी हात लावून बघत नाही.

त्याचा फटका पहिल्या वळवात बसतो. बेळगाव, खानापूर, चंदगडपासून सत्तरी, डिचोलीपर्यंतच्या पट्ट्यात एक गोष्ट वारंवार घडते. दिवाळीच्या सुट्टीत घर पसंत पडतं, भिंतींना ताजा रंग असतो, चौकटी तेलपाण्याने चकाकत असतात. मे-जूनमध्ये पाऊस पडतो, संध्याकाळी दिवा लावला की चौकटीच्या फटीतून पंखांचे किडे बाहेर पडतात आणि सकाळी फरशीवर पंखांचा खच दिसतो. तोवर खरेदीखत झालेलं असतं, आयुष्यभराची पुंजी त्यात गेलेली असते आणि बँकेचा हप्ताही चालू असतो.

ही तपासणी अवघड नाही. दोन तास, एक टॉर्च आणि थोडा धीटपणा एवढं पुरतं.

नेमकं कोण पोखरतं?

लाकूड खराब करणारे चार वेगवेगळे चोर असतात. चोर कोण ते कळलं तरच इलाज कळतो.

पहिली वाळवी. कन्नडमध्ये गेद्दलू, बडोद्याला उधई, इंदूर-ग्वाल्हेरला दीमक, हैदराबादेत चेदलू. औषध मारणारा माणूस स्थानिकच मिळणार, म्हणून त्याच्या भाषेतला शब्द माहीत असलेला बरा. आपल्याकडच्या घरांना सगळ्यात जास्त त्रास जमिनीतल्या वाळवीचा. तिचं घर मातीत असतं, ती लाकडात फक्त खायला येते. उजेड आणि कोरडी हवा तिला सोसत नाही, म्हणून ती भिंतीवरून मातीची बारीक नळी बांधत वर चढते. पेन्सिलीएवढी जाड, मातकट रंगाची अशी रेघ भिंतीवर दिसली की समजावं, पाहुणे आले आहेत. ती लाकडाचा मऊ भाग आधी खाते आणि वरचं कवच तसंच ठेवते. त्यामुळे बाहेरून चौकट धडधाकट दिसते आणि आत पोकळी असते.

दुसरी कोरड्या लाकडातली वाळवी. ही दमट किनारपट्टीवर जास्त आढळते. तिला जमिनीशी संबंध लागत नाही, ती लाकडातच राहते. मातीची नळी नसते. लाकडाखाली खसखशीसारखे बारीक टणक दाणे पडतात, तीच खूण. भिंगातून बघितलं तर प्रत्येक दाण्याला सहा बाजू दिसतात.

तिसरा भुंगेरा. याची अळी लाकडाच्या आत पोखरत राहते आणि मोठी झाली की टाचणीच्या डोक्याएवढं गोल भोक पाडून बाहेर पडते. खाली पडतो तो मैद्यासारखा मऊ भुसा. आंब्याच्या फळ्या, बांबू आणि सागवानाचा बाहेरचा फिका भाग याला फार आवडतो. वाशाला बोट जाईल एवढं मोठं गोल भोक असेल तर ते काळ्या भुंग्याचं काम. तो लाकूड खात नाही, फक्त राहायला जागा करतो. पण दरवर्षी त्याच वाशात नवी भोकं पडत गेली तर वासा कमजोर होतो.

चौथा चोर किडा नाहीच, तो ओलावा. सतत भिजणाऱ्या लाकडाला बुरशी धरते आणि ते कुजतं. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी सहसा वाढत नाही. कुजलेलं लाकूड काळपट किंवा तपकिरी पडतं, आडव्या-उभ्या भेगा जाऊन त्याचे चौकोनी तुकडे सुटतात आणि नखाने कुरतडता येतं. वाळवी आणि कूज बऱ्याचदा हातात हात घालून येतात, कारण दोघांनाही ओल हवी असते.

कधी जावं, काय न्यावं?

घर किमान दोनदा बघावं आणि त्यातली एक खेप पावसाळ्यात किंवा पाऊस नुकताच संपल्यावर असावी. मार्चमध्ये कोरडी ठणठणीत दिसणारी भिंत ऑगस्टमध्ये कुठून झिरपते, ते ऑगस्टमध्येच कळतं. कणकुंबी-जांबोटीकडच्या किंवा सत्तरीतल्या घरांच्या बाबतीत तर हे टाळूच नये.

सोबत मोठा टॉर्च, जाड पात्याचा स्क्रूड्रायव्हर, लहान हातोडी, दोन-चार पांढरे कागद आणि शिडी असावी. मोबाइलने फोटो काढत जावं. जमलं तर ओळखीचा जुना सुतार न्यावा. त्याची एक दिवसाची मजुरी ही अख्ख्या व्यवहारातली सगळ्यात स्वस्त गोष्ट असते.

अडचण येते ती भिडेची. घर बहुतेक वेळा ओळखीतलं, भाऊबंदकीतलं असतं. काकांच्या समोर त्यांच्याच चौकटीत स्क्रूड्रायव्हर कसा खुपसायचा? यावर उपाय सरळ आहे. आधीच सांगावं, "काका, सुताराला घेऊन येतो, लाकूडकाम एकदा बघून घेतो." ज्याच्या घरात काही लपवण्यासारखं नाही तो नाही म्हणत नाही. आणि कुणी फारच आढेवेढे घेतले, तर तेही एक उत्तरच आहे.

सुरुवात बाहेरून

घरात शिरायच्या आधी रस्त्यावर उभं राहून छपराची वरची रेघ बघावी. आढं सरळ आहे की मध्ये झोळ आलाय? कौलांच्या ओळी कुठे लचकल्या आहेत का? छप्पर झोपलं असेल तर खालचे वासे किंवा तुळई दमली आहे, असं धरून चालावं.

मग घराभोवती एक फेरी मारावी. जोत्यावर मातीच्या नळ्या दिसतात का ते बघावं, विशेषतः कोपऱ्यात, पायऱ्यांच्या मागे, पाइप आत जातात तिथे आणि जांभ्याच्या सांध्यांतून. भिंतीला लागून जळण रचलंय का? जुन्या फळ्या, पुठ्ठे, बांबू टेकवून ठेवलेत का? वाळवीसाठी हा आयता जिना असतो. परसातली माती किंवा नवा घातलेला कोबा जोत्याच्या वर आला असेल तर तीही धोक्याची खूण.

परसात वारूळ असेल तर त्याकडे नीट लक्ष द्यावं. वारूळ बांधते ती वाळवीच, नागोबा नंतर राहायला येतो. अनेक घरांत नागपंचमीला त्याची पूजा होते आणि ते मोडलं जात नाही. घर वाचवायला ते मोडायलाच हवं असंही नाही. वारूळ आहे म्हणजे जमिनीत वाळवी आहे, एवढं लक्षात घेऊन जोत्याभोवती औषधाचा पट्टा करून घेता येतो. पूजाही राहते आणि चौकटही.

आत : उंबरठा, चौकट, मोरी

दाराच्या चौकटीचा खालचा वीतभर भाग हा सगळ्यात महत्त्वाचा. फरशी पुसताना रोज पाणी लागतं ते तिथेच. हातोडीच्या दांड्याने खालून वर हलके ठोके मारत जावं. भरीव लाकूड टणक वाजतं, पोखरलेलं भद्द किंवा पोकळ. जिथे आवाज बदलतो तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबावं. चांगल्या लाकडात ते जेमतेम रुततं. किडलेल्या लाकडात लोण्यात सुरी जावी तसं आत जातं.

रंगाकडेही बघावं. रंगाचा पापुद्रा फुगलेला, लाकडावर बारीक लाटा, चौकटीच्या तळाशी लांबी किंवा सिमेंट भरून सारखं केलेलं असेल तर तिथे थांबावं. सगळं घर जुनं आणि एकाच दाराची चौकट नवी कोरी असेल तर विचारावं, "ही का बदलली?" दारं-खिडक्या अचानक घट्ट होणं हेही लक्षण असतं, अर्थात पावसाळ्यात चांगलं लाकूडही फुगतं.

मोरी, न्हाणी आणि स्वयंपाकघर यांना लागून असलेल्या प्रत्येक भिंतीची दुसरी बाजू बघावी. मोरीच्या मागच्या भिंतीत फडताळ असेल तर ते रिकामं करायला सांगावं आणि मागची फळी ठोकून बघावी. देवघर, जुन्या पुस्तकांचं कपाट, भिंतीला टेकलेल्या फोटोंच्या फ्रेमची मागची बाजू, मीटरच्या लाकडी पाटीची मागची बाजू, जिन्याखालची अंधारी जागा इथे वाळवी हमखास सापडते. तिला अंधार आणि शांतता लागते. जिथे वर्षभर कुणी हात घालत नाही, तिथे आधी हात घालावा.

खांब असलेल्या जुन्या घरात तळखडा बघायलाच हवा. पूर्वीचे कारागीर लाकडी खांब सहसा थेट जमिनीत पुरत नसत. खाली दगडी तळखडा, त्यावर खांब, म्हणजे ओल वर चढत नाही. घोटाळा झाला तो नंतर. शेणाच्या जमिनीवर शहाबादी आली, तिच्यावर टाइल्स आल्या. प्रत्येक वेळी जमीन इंच-दोन इंच वर आली आणि तळखडा खाली गाडला गेला. आता खांबाचं बूड सिमेंटात बसलेलं असतं, ओल धरतं आणि वाळवीला न दिसणारी वाट मिळते. ज्या घरात तळखडे दिसत नाहीत, तिथे खांबाचं बूड चारही बाजूंनी टोचून बघावं.

वर : माळा, तुळया, वासे

बहुतेक खरेदीदार माळ्यावर चढतच नाहीत. अंधार, धूळ, वटवाघळं ही कारणं खरीच आहेत. पण दुरुस्तीचा मोठा खर्च असतो तो वरच. जुने कपडे घालून चढावं, नाही तर सुताराला चढवावं आणि त्याने व्हिडिओ काढून आणावा.

तिथे तीन जागा नीट बघाव्यात. पहिली, तुळईची भिंतीत गेलेली टोकं. जांभ्याची किंवा मातीची भिंत पाणी धरते आणि तुळई आतल्या आत कुजते. मधला भाग उत्तम असतो म्हणून माणूस फसतो. दुसरी, पागोळ्यांकडची वाशांची टोकं आणि दोन छपरं मिळतात ती पन्हळीची जागा. तिसरी, फुटलेल्या कौलांखालचे काळे डाग. डाग कोरडा आहे की ओला, ते हात लावून बघावं.

लाकूड कोणतं आहे तेही विचारावं. सागवान, खैर यांचा आतला गडद गाभा वाळवी सहजासहजी खात नाही. पण त्याच सागाचा बाहेरचा फिका भाग ती सुखाने खाते. म्हणून "सगळं सागवान आहे" हे वाक्य ऐकून सुटकेचा श्वास सोडू नये. जुन्या सागवानाच्या शेजारी नंतरच्या दुरुस्तीत घातलेला आंब्याचा वासा किंवा हलक्या लाकडाच्या रिपा असतील तर कीड आधी तिथे लागते आणि मग पुढे सरकते.

फ्लॅट घेतला तरी सुटका नाही

"चौथ्या मजल्यावर कुठली वाळवी?" हा गैरसमज आहे. पाइपांच्या डक्टमधून, सांध्याच्या भेगांतून ती वर चढते. रीसेल फ्लॅटमध्ये तयार फर्निचर हे आकर्षण असतं आणि धोकाही तिथेच असतो, कारण भिंतीला ठोकलेल्या कपाटामागची भिंत दिसतच नाही. कपाटाची मागची फळी, सिंकखालचं कपाट, बाथरूमच्या भिंतीला लागून असलेला वॉर्डरोब आणि बाथरूमच्या दाराची चौकट एवढं तरी टॉर्च मारून बघावंच. प्लायवूड चांगल्या प्रतीचं असलं तर पाण्याला टिकतं, पण पाण्याला टिकणारं सगळंच वाळवीला टिकतं असं नाही. त्यासाठी वेगळी प्रक्रिया केलेली असावी लागते.

जुनी खूण की जिवंत वाळवी?

मातीची नळी दिसली म्हणजे व्यवहार मोडलाच, असं नाही. घरमालक म्हणतो, "ती जुनी आहे हो, औषध मारलंय." ते खरं असू शकतं. तपासायची पद्धत सोपी आहे. मालकाला विचारून नळीचा मधला दोन बोटं भाग खरवडून काढावा आणि फोटो काढावा. आत पांढुरके किडे पळताना दिसले तर प्रश्नच मिटला. नाही दिसले तर आठवड्याने परत यावं. नळी पुन्हा जोडलेली असेल तर वाळवी जिवंत आहे. कोरडी, ठिसूळ आणि तशीच तुटलेली असेल तर ती वाट सध्या बंद आहे. मात्र एक वाट बंद असली म्हणून सगळ्या बंद, असं धरू नये.

भुंगेऱ्यासाठी दुसरी युक्ती. भोकं असलेल्या वाशाखालची जागा झाडून पांढरा कागद पसरावा. आठवड्यात ताजा भुसा पडला तर कीड चालू आहे. भोकांच्या कडा उजळ आणि स्वच्छ असतील तर ती ताजी, काळवंडून धूळ बसलेली असेल तर जुनी.

पंखांचे किडे आणि पंखवाल्या मुंग्या यांतही गफलत होते. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात आणि कंबर सरळ असते. मुंगीचे पुढचे पंख मोठे, मागचे लहान आणि कंबर बारीक. दिव्यावर बाहेरून आलेले किडे सगळीकडेच असतात. काळजी करायची ती घराच्या आतून, चौकटीतून निघालेल्यांची.

किती बिघडलं तर किती घाबरायचं?

दाराची चौकट, खिडकीची झडप, फडताळाची फळी, रिपा हे सगळं बदलता येतं. त्यासाठी चांगलं घर सोडू नये. किंमत कमी करून घ्यावी. तुळई, खांब, आढं आणि जिन्याचे आधार मात्र घराचा भार घेतात. त्यातली एखादी गोष्ट पोखरलेली असेल तर सुतारावर न थांबता सिव्हिल इंजिनिअरला दाखवावं. दोन-तीन तुळया एकदम गेल्या असतील तर घर म्हणून नव्हे, जागा म्हणून किंमत ठरवावी.

बँकेचा व्हॅल्युएटर येऊन गेला म्हणजे घर तपासून झालं, असंही समजू नये. त्याचं काम किंमत काढणं हे असतं. तो माळ्यावर चढेलच असं नाही.

औषध आणि विहीर

रॉकेल किंवा जळकं ऑइल ओतणं हा घरोघरचा उपाय. त्याने समोर दिसणारी वाळवी मरते, जमिनीतलं तिचं घर शाबूत राहतं. शिवाय आगीचा धोका वेगळाच.

उभ्या घराला वाळवीरोधक औषध कसं द्यावं, याचं भारतीय मानक आहे, आयएस ६३१३ चा भाग ३. ढोबळ पद्धत अशी : भिंत आणि जमीन मिळते तिथे साधारण फुटाफुटावर बारीक छिद्रं पाडून औषध सोडायचं, बाहेरून जोत्याभोवतीची माती भिजवायची, चौकटी आणि भिंत यांच्या सांध्यात छिद्रं पाडून लाकडालाही औषध पाजायचं आणि छिद्रं बुजवायची. नुसता वरून फवारा मारून जाणाऱ्याला पैसे देण्यात अर्थ नाही. कोणतं औषध, किती पाण्यात, कुठे कुठे दिलं आणि हमी किती वर्षांची, हे लेखी घ्यावं.

खानापूर, चंदगड, गोवा भागातली मोठी काळजी म्हणजे विहीर. घराला लागून विहीर असते आणि जांभा सच्छिद्र. मातीत सोडलेलं औषध झिरपून पिण्याच्या पाण्यात जाऊ शकतं. ही औषधं विषारी असतात. विहीर कुठे आहे, ते औषधवाल्याला आधी दाखवावं आणि तिच्या बाजूला मातीत औषध सोडू देऊ नये. तिथे जळण हलवणं, ओल बंद करणं, लाकडालाच औषध लावणं असे मार्ग धरावेत.

कायदा काय म्हणतो?

मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम ५५ नुसार, विकणाऱ्याला माहीत असलेला पण घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही सापडणार नाही असा महत्त्वाचा दोष त्याने सांगायलाच हवा. तो दडवणं ही फसवणूक ठरते. पण याच वाक्याची दुसरी बाजू खरेदीदाराने नीट वाचावी. साधारण काळजी घेतली असती तर जो दोष दिसला असता, त्याबद्दल नंतर बोट दाखवणं अवघड जातं. भिंतीवरची ढळढळीत नळी न बघणाऱ्याला कायदा फारसा हात देत नाही.

नव्या, रेराखाली नोंदलेल्या प्रकल्पात ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष दाखवून दिला तर बिल्डरने ३० दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. एका घरमालकाने दुसऱ्याला विकलेल्या जुन्या घराला हे संरक्षण मिळत नाही.

म्हणून सगळं बोलणं इसार देण्याआधी, बेळगावकडच्या भाषेत संचकार देण्याआधी व्हावं. सुताराकडून दुरुस्तीचा अंदाज लेखी घ्यावा आणि तेवढी रक्कम किमतीतून वळती करावी, किंवा मालकाने खरेदीखताआधी काम करून द्यावं असं ठरवावं. "घराला वाळवी लागल्याचं माझ्या माहितीत नाही, पूर्वी औषध मारलं ते अमुक साली" असं एक वाक्य करारात घालायला सांगावं. सीमाभागात करार बहुतेक वेळा कन्नड किंवा इंग्रजीत असतो. तोंडी मराठीत ठरलेलं हे वाक्य कागदावर आलंय की नाही, ते सही करण्याआधी विश्वासातल्या माणसाकडून वाचून घ्यावं.

आणि घर घेतल्यावरही काम संपत नाही. वर्षातून दोनदा, वळवाच्या आधी आणि गणपतीच्या साफसफाईत, टॉर्च घेऊन एक फेरी मारावी. जळण भिंतीपासून हातभर लांब, फुटलं कौल त्याच आठवड्यात बदललेलं, मोरीची गळती बंद. माळ्यावर चढणारं घरात कुणी तरी एक असलं, की वाळवी आलीच तरी चौकटीपर्यंतच येते, आढ्यापर्यंत जात नाही.